विमानांच्या वाटेखाली : आवाज, धूर, माणसे आणि पाखरे

विमानाचा आवाज एकाच जागेतून येत नाही. उड्डाणाच्या वेळी मुख्य आवाज इंजिनाचा असतो. इंजिनामागून वेगाने बाहेर पडणारी तप्त हवा भोवतालच्या संथ हवेत घुसते आणि त्या घुसळणीतून गर्जना उठते. ब्रिटिश गणिती जेम्स लाइटहिल यांनी 1952 साली दाखवून दिले की या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घातानुसार वाढते. झोताचा वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती अडीचशे पटींहून अधिक घटते. पुढची सगळी सुधारणा याच सूत्रावर उभी राहिली. आधीच्या इंजिनांचा झोत अरुंद आणि अतिवेगवान होता. आजच्या इंजिनांत तोंडाशी मोठा पंखा असतो. तो पुष्कळ हवा कमी वेगाने मागे ढकलतो, त्यामुळे ताकद मिळते आणि गर्जना कमी होते. विमान उतरताना मात्र चित्र बदलते. तेव्हा इंजिन मंद असते आणि खाली पोचणाऱ्या आवाजाचा मोठा भाग उघडलेली चाके व पंखांच्या फळ्या यांवरून फाटत जाणाऱ्या हवेचा असतो. इंजिन कितीही सुधारले तरी चाके उघडल्याशिवाय विमान उतरत नाही, म्हणून उतरण्याच्या मार्गाखालच्या वस्त्यांना इंजिनातील सुधारणेचा लाभ तुलनेने कमी मिळतो.

आवाज किती, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. डेसिबलची मोजणी लघुगणकी असते. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते, पण ध्वनीची ऊर्जा तेवढ्यात दहापट झालेली असते. तीन डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते. विमानतळांच्या नकाशांवर जो आकडा दिसतो तो दिवसभराच्या ऊर्जेची सरासरी असतो. युरोपात संध्याकाळच्या विमानांना पाच आणि रात्रीच्या विमानांना दहा डेसिबलचा दंड जोडून ती काढतात. या सरासरीचा एक गुण सोयीचा आहे आणि तोच तिचा दोषही आहे. एखाद्या वस्तीवरून रोज शंभर विमाने जात असतील आणि ती दोनशे झाली, तर सरासरी फक्त तीन डेसिबलने वाढते. प्रत्येक विमान तीन डेसिबलने शांत झाले आणि संख्या दुप्पट झाली, तर नकाशावर काहीच बदललेले दिसत नाही. खाली राहणाऱ्याचे बोलणे मात्र दिवसात शंभरऐवजी दोनशे वेळा तुटते. विमानांच्या आवाजाविषयीचे अर्धेअधिक वाद या एका गणितातून निघतात. विमान कंपन्या आवाज घटल्याचे सांगतात, रहिवासी वाढल्याचे सांगतात आणि दोघांचेही म्हणणे खरे असू शकते.

किती आवाजाला किती लोक त्रासतात याचा एक आलेख अमेरिकी संशोधक थिओडोर शुल्ट्झ यांनी 1978 साली मांडला. रस्ते, रेल्वे आणि विमाने यांवरच्या पाहण्या एकत्र करून तो तयार झाला होता आणि अमेरिकेचे धोरण दीर्घकाळ त्यावर चालले. त्याच्या आधारे काढलेल्या अंदाजानुसार 65 डेसिबलच्या सरासरीला सुमारे 12 टक्के लोक अतिशय त्रस्त असायला हवेत. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 20 विमानतळांभोवतीच्या दहा हजारांहून अधिक लोकांना विचारून 2021 मध्ये नवे निष्कर्ष जाहीर केले. तेवढ्याच आवाजाला अतिशय त्रासलेल्यांचे प्रमाण 60 टक्क्यांच्या वर निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने 2018 साली सुचवलेल्या मर्यादा याच दिशेने जातात. रस्त्याच्या आवाजासाठी 53, रेल्वेसाठी 54, तर विमानांसाठी 45 डेसिबल. रात्री विमानांसाठी 40. विमानाला वेगळा न्याय लावण्याचे कारण साधे आहे. रस्त्याचा गोंगाट बराचसा अखंड असतो, विमान मात्र येते, माथ्यावर चढते आणि जाते. शिवाय तो आवाज वरून येतो, त्यामुळे मागच्या खोलीत जाऊन त्यापासून सुटका होत नाही.

त्रास ही भावना झाली. शरीरावरचा परिणाम तिच्याहून वेगळा आणि अधिक गंभीर आहे. त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा रात्रीचा आहे. लंडन, बर्लिन, अ‍ॅम्स्टरडॅम, स्टॉकहोम, मिलान आणि अथेन्स या शहरांच्या विमानतळांजवळ राहणाऱ्या 45 ते 70 वयाच्या सुमारे 4,900 लोकांचा एकत्रित अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रीच्या विमानांचा आवाज दहा डेसिबलने वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे 14 टक्क्यांनी वाढत होती. त्याच प्रकल्पात 140 जणांचा रक्तदाब झोपेत मोजला गेला. विमान वरून गेले की माणूस जागा न होताही रक्तदाब वर सरकत होता. सकाळी त्याला विचारले तर रात्र शांत गेली असेच तो सांगेल. जर्मनीतील माइन्झ येथे 2013 साली 75 निरोगी स्वयंसेवकांना त्यांच्याच घरी रात्रभरात तीस किंवा साठ विमानांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवण्यात आले. एका रात्रीनंतरच त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता कमी झालेली आढळली, आणि साठ विमानांच्या रात्री अ‍ॅड्रेनलिनही वाढलेले होते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की विमानतळाजवळ गरीब वस्ती असते, रस्ते असतात, धूर असतो. मग दोष आवाजाचाच कशावरून? झुरिचच्या अभ्यासाने या आक्षेपाला चतुर उत्तर शोधले. 2000 ते 2015 या काळात विमानतळाच्या परिसरात हृदयविकाराने झालेल्या सुमारे 25 हजार मृत्यूंची वेळ पाहिली गेली. प्रत्येक व्यक्तीच्या मृत्यूआधीच्या दोन तासांतला आवाज त्याच व्यक्तीच्या इतर दिवसांच्या त्याच वेळेतल्या आवाजाशी ताडला. माणूस तोच, घर तेच, सवयी त्याच. बदलला तो फक्त आवाज. रात्री 50 डेसिबलच्या वर आवाज असताना मृत्यूचा धोका सुमारे 44 टक्क्यांनी अधिक निघाला आणि एकूण मृत्यूंपैकी साधारण तीन टक्के विमानांच्या आवाजाशी जोडता आले. विशेष म्हणजे झुरिचमध्ये रात्री साडेअकरा ते सकाळी सहा उड्डाणांना बंदी आहे. म्हणजे हे परिणाम बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या काठावरच्या तासांतले आहेत.

मुलांच्या बाबतीत हानी वाचनात दिसते. म्युनिकचा रीम विमानतळ 16 मे 1992 रोजी बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी शहरापासून दूर नवा सुरू झाला. संशोधक आधीपासून तयार होते. त्यांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन स्थलांतराच्या आधी एकदा आणि नंतर दोनदा तपासले. आधी जुन्या विमानतळाजवळची मुले मागे होती. दोन वर्षांत ती सावरली आणि नव्या विमानतळाजवळची मुले मागे पडली. माणसांवरच्या संशोधनात इतका स्वच्छ प्रयोग क्वचित हाती लागतो. पुढे 2005 साली ब्रिटन, नेदरलँड्स आणि स्पेनमधील 89 शाळांतल्या 2,844 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज पाच डेसिबलने वाढला की ब्रिटनमधील मुले वाचनात सुमारे दोन महिन्यांनी मागे पडत होती. कारण बहुधा असे की बाई बोलता बोलता थांबतात, वाक्य तुटते आणि मुले हळूहळू आवाजाबरोबर बोलण्याकडेही दुर्लक्ष करायला शिकतात.

धुराकडे वळताना आधी विमानाचा जमिनीजवळचा वेळ पाहावा लागतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हिशेबासाठी 3,000 फुटांखालचे एक ठरावीक चक्र मानले आहे. पूर्ण ताकदीचे उड्डाण पाऊण मिनिटाचे, चढण सव्वादोन मिनिटांच्या आतबाहेर, उतरण चार मिनिटांची आणि जमिनीवर रांगणे तब्बल 26 मिनिटांचे. पूर्ण ताकदीत नायट्रोजनची ऑक्साइडे जास्त निघतात. रांगताना इंजिन सात टक्के ताकदीवर चालते, इंधन नीट जळत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडबरोबर विमानतळाबाहेर ओळखीचा असलेला तो रॉकेलसारखा वास पसरतो. तो वास रॉकेलचाच म्हणायला हरकत नाही, कारण जेट इंधन हे रॉकेलचे सख्खे भावंड आहे.

मात्र गेल्या काही वर्षांत संशोधकांची नजर या वायूंवरून अतिसूक्ष्म कणांवर गेली आहे. हे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात जाऊ शकतात. लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळ 2014 साली झालेल्या मोजणीत वाऱ्याच्या दिशेला आठ ते दहा किलोमीटरपर्यंत या कणांची संख्या चार-पाच पट, आणि सोळा किलोमीटरपर्यंत दुप्पट आढळली. विमानतळाचे प्रदूषण कुंपणाशी संपते हा समज तिथे मोडला. येथेही मापाचा प्रश्न येतो. हवेची गुणवत्ता सांगणारे नेहमीचे आकडे कणांचे वजन मोजतात. अतिसूक्ष्म कण संख्येने प्रचंड पण वजनाने नगण्य, म्हणून रोजच्या निर्देशांकात ते जवळजवळ दिसतच नाहीत.

छोट्या, पिस्टन इंजिनाच्या विमानांची गोष्ट आणखी वेगळी. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे गेले, पण या विमानांच्या इंधनात ते राहिले. अमेरिकेत हवेतल्या शिशाचा सर्वांत मोठा स्रोत आज हीच विमाने आहेत आणि तिथल्या पर्यावरण संस्थेने ऑक्टोबर 2023 मध्ये ते आरोग्याला घातक असल्याचा अधिकृत निर्णय दिला. जमिनीखालच्या पाण्याला धोका आहे तो अग्निशमन फेसाचा. स्वीडनमध्ये रॉनेबी या गावाच्या एका पाणीपुरवठ्यात शेजारच्या हवाई तळावरच्या सरावातली, न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायने पोचली होती. ते 2013 च्या डिसेंबरात उघड झाले.

प्राण्यांवरचा परिणाम न्यायालयात पोचला तो कोंबड्यांमुळे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबोरोजवळ एका कुक्कुटपालकाच्या शेतावरून लष्करी विमाने 83 फुटांवरून उतरत. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मेल्या. सुमारे दीडशे गेल्या आणि धंदा बंद पडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1946 साली दोन गोष्टी सांगितल्या. जमिनीची मालकी आकाशापर्यंत जाते ही जुनी कल्पना विमानयुगात टिकणार नाही. पण इतक्या खालून आणि इतक्या वारंवार उडणे म्हणजे जमीन वापरायला घेणेच होय, त्याची भरपाई द्यावी लागेल. आकाश सर्वांचे आणि छपरालगतची हवा घरमालकाची, ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

रानातल्या प्राण्यांसाठी असा दावा लावणारे कोणी नसते, त्यामुळे तिथला पुरावा निरीक्षणातूनच गोळा करावा लागतो. पक्ष्यांचा पुरावा सर्वांत बोलका आहे. पहाट ही नराची गाऊन हद्द सांगण्याची आणि मादीला बोलावण्याची वेळ. बर्लिनच्या टेगेल विमानतळाजवळच्या रानात पक्षी दूरच्या रानातल्या पक्ष्यांपेक्षा लवकर गाऊ लागत, म्हणजे सकाळची विमाने सुरू होण्यापूर्वी त्यांना थोडा जास्त वेळ मिळे. शॅफिंच हा पक्षी आवाज 78 डेसिबलच्या वर गेला की गाणे थांबवी. लवकर उठण्याची किंमत असतेच. तेवढी झोप आणि तेवढी ताकद जाते. मँचेस्टर आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या विमानतळांजवळ चिफचॅफ या वटवट्याचा अभ्यास झाला. हा इवलासा पक्षी हिवाळ्यात भारतातही येतो. विमानतळाजवळच्या नरांचे गाणे खालच्या पट्टीत गेलेले होते, आणि ध्वनिवर्धकावर दुसऱ्या नराचे गाणे लावले की त्या यंत्रावर झडप घालण्याची त्यांची प्रवृत्ती पाचपट होती. विमानाचा आवाज खालच्या पट्टीतच जास्त असतो, त्यामुळे पट्टी उतरवून त्यातून वाट काढता येते असे म्हणता येत नाही. ऐकू येण्याची क्षमता बिघडल्यामुळे असे घडत असावे, हा अभ्यासकांचा तर्क अधिक पटतो.

सस्तन प्राण्यांबाबत निष्कर्ष सरळ रेषेत जात नाहीत. ग्रँड कॅन्यनमध्ये पर्यटकांच्या हेलिकॉप्टरांमुळे हिवाळ्यात मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांचे चरणे 43 टक्क्यांपर्यंत घटलेले आढळले. मान वर करून आकाशाकडे पाहण्यात त्यांचा वेळ जाई. दुसरीकडे, कुंपणातल्या रानमेंढ्यांना आणि हरणांना जेट विमानांचे आवाज ऐकवून केलेल्या प्रयोगात हृदयाचे ठोके वाढले, पण एक ते तीन मिनिटांत पूर्ववत झाले आणि पुढे पुढे प्रतिसाद कमी होत गेला. सवय होते, हे खरे. पण जागा सोडून गेलेले प्राणी कोणत्याच मोजणीत येत नाहीत. जे उरले त्यांनाच पाहून ‘सवय झाली’ म्हणायचे, ही चूक विमानतळाजवळच्या माणसांबाबतही होते.

विमान आणि पक्षी यांचा सगळ्यात थेट संबंध मात्र धडकेचा असतो. न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर 15 जानेवारी 2009 रोजी उतरलेल्या विमानाची दोन्ही इंजिने रानहंसांच्या थव्याने बंद पाडली. त्या घटनेत माणसे सगळी वाचली. त्यानंतर शहराभोवतीचे हंस मोठ्या संख्येने मारण्यात आले. मुंबईत 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवरून उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला. विमान सुखरूप उतरले आणि पंतनगर परिसरात चाळीसच्या आसपास मृत पक्षी सापडले. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मधले, 2022 पासून ते रामसर यादीतही आहे. भरतीच्या वेळी खाडीचा चिखल पाण्याखाली जातो तेव्हा हे पक्षी नवी मुंबईतल्या सीवूड्स-नेरूळच्या पाणथळींवर येऊन थांबतात. या पाणथळी बुजवल्या तर पक्षी नाहीसे होणार नाहीत, ते जवळची दुसरी पाणथळ जागा शोधतील, आणि ती जागा विमानतळाच्या आवारात किंवा त्याच्या मार्गाखाली असू शकते, असा इशारा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी दिलेला आहे. पाणथळ राखणे हा इथे विमान सुरक्षेचाच भाग ठरतो. भारतीय विमान नियमांत दुसरी एक तरतूद जुनी आहे : विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत जनावरे कापणे आणि कचरा उघड्यावर टाकणे यांना बंदी. कारण घार. कायदा स्पष्ट आहे, कचरा त्याहून स्पष्ट दिसतो.

नवी मुंबईच्या विमानतळाला पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर 2010 मध्ये मिळाली. त्यासाठी उलवे टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, खारफुटी गेली आणि गावे हलवली गेली. प्रवासी उड्डाणे 2025 च्या डिसेंबरात सुरू झाली. गोव्यात मोपाच्या जांभ्या दगडाच्या पठारावरच्या विमानतळाची कथा कायद्याच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. परिसरातली वने आणि नाजूक परिसंस्था यांची माहिती अर्जात नीट दिली नाही या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये त्याची मंजुरी स्थगित केली. फेरविचार झाला, अटी वाढल्या आणि जानेवारी 2020 मध्ये काम पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली. विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर 2022 मध्ये झाले.

भारतातले आवाजाचे नियम दोन ठिकाणी लिहिले आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. विमानतळांभोवतीच्या क्षेत्रासाठी 2018 साली वेगळे मानक आले : वर्षाला पन्नास हजारांहून अधिक उड्डाणे-अवतरणे असलेल्या विमानतळाजवळ दिवसा 70, रात्री 65. म्हणजे धावपट्टीच्या रेषेत घर असले की त्याच शहरातल्या माणसाच्या झोपेची कायदेशीर मर्यादा वीस डेसिबलने सैल होते. लष्करी विमाने या मानकाबाहेर आहेत. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आणि दाबोळी हा नौदलाचा. दोन्हींवरून प्रवासी विमानेही उडतात. त्यामुळे पुण्यात किंवा वास्कोत डोक्यावरून जाणाऱ्या आवाजापैकी कानठळ्या बसवणारा भाग मोजणीतून सुटतो.

मुंबईचा सहार-सांताक्रूझचा विमानतळ दोन एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांचा असल्याने बहुतेक वेळ एकाच धावपट्टीवर चालतो. 2018 च्या डिसेंबरात एका दिवसात तिथे हजाराहून अधिक उड्डाणे-अवतरणे झाली. पश्चिमेचा वारा असताना विमाने पूर्वेकडून उतरतात, आणि घाटकोपर, कुर्ला, जरीमरी यांची छपरे त्या रेषेत येतात. युरोप-अमेरिकेत अशा वस्त्यांना दुहेरी काचेच्या खिडक्या बसवून देणे हा ठरलेला उपाय आहे. उघड्या खिडकीतून आवाज जेमतेम दहा-पंधरा डेसिबलने घटतो. बंद, जाड काचेने त्याच्या दुपटीहून अधिक. पण पत्र्याच्या छपराला आणि मे महिन्यात खिडकी बंद ठेवणे अशक्य असलेल्या खोलीला हा उपाय लागू पडत नाही. परदेशी अभ्यासांतले आकडे इथे वापरताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : तिथला बाहेरचा 60 आणि इथला बाहेरचा 60 घरात पोचेपर्यंत सारखा राहत नाही.

उपायांची जागतिक चौकट 2001 सालची आहे. विमानेच शांत बनवणे, विमानतळाभोवती जमिनीचा वापर आखणे, उडण्याच्या पद्धती बदलणे आणि सर्वांत शेवटी उड्डाणांवर बंधने घालणे, असे चार मार्ग आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मान्य केले. पहिल्यावर बरेच काम झाले. वस्ती आधी आली तिथे दुसऱ्या मार्गाला उशीर झालेला असतो. तिसऱ्यात एक नवी अडचण निघाली. उपग्रहाधारित मार्गदर्शनामुळे विमाने रुळावरून जावीत तशी एकाच रेषेत उडू लागली. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये 2014 साली असे मार्ग आखल्यावर एकूण सरासरी फारशी बदलली नाही, पण जुन्या शांत वस्त्यांच्या माथ्यावर सगळी विमाने येऊ लागली. 2017 मध्ये न्यायालयाने ते मार्ग रद्द ठरवले. लंडनच्या हीथ्रोवर उलटा विचार आहे : पश्चिमेकडे उड्डाण चालू असताना दुपारी तीनला धावपट्ट्यांची अदलाबदल होते आणि प्रत्येक बाजूच्या रहिवाशांना दिवसाचा निदान अर्धा भाग शांत मिळतो.

चौथा मार्ग न्यायालयांतून जातो. हीथ्रोच्या रात्रीच्या उड्डाणांविरुद्ध काही रहिवासी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. 2001 मध्ये ते जिंकले, पण 2003 मध्ये मोठ्या पीठाने निकाल फिरवला आणि देशाच्या आर्थिक हिताला अधिक वजन दिले. वीस वर्षांनंतर वारे बदलले. हेग येथील न्यायालयाने मार्च 2024 मध्ये सांगितले की स्किपोल विमानतळाभोवती विमान वाहतुकीचे हित आधी आणि रहिवाशांचे नंतर, अशा रीतीने डच सरकार वागत आले आहे आणि त्यात रहिवाशांच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग होतो. नकाशावरच्या रेषेबाहेर राहणाऱ्या पण प्रत्यक्ष त्रास होणाऱ्या लोकांनाही दाद मागता आली पाहिजे, हेही त्या न्यायालयाने बजावले.